बटाट्याला रात्र लागते

बटाट्याचं एकरी उत्पादन घटलं की ‘लहान शेतकऱ्याला नियोजन जमत नाही’ असा शेरा मारणं सोपं असतं. मला हा शेरा मान्य नाही. जालना जिल्ह्यात अर्धा एकर बटाटा लावणारा माणूस खरिपात अडाणी आणि रब्बीत हुशार होत नसतो. बदलते ती रात्र.

रात्रीचा पारा वीस अंशांच्या खाली आला की बटाट्याचा गड्डा नीट धरतो. जुलैत वेल माजतो, पण उपटल्यावर खाली हाती फार काही लागत नाही. त्यात आपली काळी, चिबड जमीन! रब्बीत बियाणं कापून, प्रत्येक फोडीला दोन डोळे ठेवून लावता येतं. खरिपात तीच फोड ओलीत सडते, म्हणून अख्खं बारीक बियाणं घ्यावं लागतं. तेही मार्चपासून शीतगृहात राहिलेलं, पंजाबातून आलेलं. एकरी सहा-आठ क्विंटल बियाणं लागतं, म्हणजे खर्चाचा मोठा घास पेरणीआधीच गेलेला असतो. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगावच्या सातगाव पठारावर खरीप बटाटा साधतो. तिथली हवा थंड, जमीन निचऱ्याची. तिथला आकडा जालन्याच्या माथी मारू नये.

मग रब्बीतच लावा, असं कुणीही म्हणेल. लावतातही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सऱ्या पडतात, थंडी मानवते, मातीची भर दिली की पीक डोळ्यांत भरतं. पण या पिकाची मुळं उथळ; त्याला थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाणी हवं. इथं विहीर साथ देईल तितकाच हंगाम. वीज रात्रपाळीची असली तर माणूस बॅटरी घेऊन बांधावर.

म्हणून माझं मागणं साधं आहे: नुसते एकरी क्विंटल मोजू नका, पाण्याच्या एका पाळीमागे किती किलो निघाले ते हंगामवार मोजा. कुफरी सूर्यासारखा उष्णता सोसणारा वाण सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं कधीच दिला आहे. बियाण्यांची पंढरी म्हणवणाऱ्या जालन्यात तो छोट्या शेतकऱ्याच्या रानात दोन्ही हंगामांत लावून बघा. आणि रब्बीत दिवसा वीज द्या.

जानेवारीत विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा गड्डा लिंबाएवढा झालेला असतो. अजून तीन पाळ्या हव्या असतात.