एक राहिला!

आमच्याकडे लग्न ठरलं की पत्रिकेच्या आधी अप्पाकाकांची यादी तयार होते. आहेराची नव्हे, फोटोंची. गेल्या सालच्या डायरीत बारीक अक्षरात नोंदी असतात: ‘आजोळ – मामा ४, माम्या ३. दोघी बोलत नाहीत, मध्ये कोणीतरी घालणे.’ ‘आत्या – खुर्च्या ३ (गुडघे).’ ‘बोरिवलीकर – लवकर पळतात, अक्षता पडताच उरकणे.’

या वेडाचं मूळ १९८८ सालात आहे. तेव्हा रोल ३६ फोटोंचा असायचा. धाकट्या आत्याच्या लग्नाला दोनच रोल आणलेले, त्यातले नऊ फोटो रुखवतातल्या साखरेच्या तुळशीवृंदावनावर खर्ची पडले. आहेराच्या वेळी रोल संपलेला; फोटोग्राफरने थोरल्या मामांपुढे नुसताच फ्लॅश उडवला. अल्बम आला, तर मामा कुठेच नाहीत. पुढे अकरा वर्षं मामांनी आमच्याकडे चहा घेतला नाही. कारण विचारलं की म्हणत, “ॲसिडिटी.”

तेव्हापासून मंगलाष्टकं संपली की काका स्टेजच्या पायरीवर उभे. मठ्ठा-जिलबीकडे पाय वळतात, म्हणून जेवणाच्या हॉलच्या दारात त्यांनी एक भाचा उभा केलेला असतो. “चष्मेवाले, हनुवटी खाली! काचेत फ्लॅश येतो!” “मुंडावळ्या सरळ कर गं!” एकदा ते काकूंना भर स्टेजवर म्हणाले, “तू मध्ये ये, कडेच्या माणसाला लेन्स आणखी फुगवते.” शास्त्र बरोबर होतं. पण त्या ‘आणखी’पायी काकांना आठवडाभर ताटात वाढलेलं मुकाट्याने खावं लागलं.

हल्लीचे फोटोग्राफर कोवळे असतात. परवाचा म्हणाला, “काका, कँडिड घेऊ या ना.”

“म्हणजे घास घेताना तोंड उघडं असतं तो ना? तो नको.”

सगळे ओळीत लागले, पोटं आत गेली, पोरगा बटण दाबणार, एवढ्यात काका ओरडतात, “थांबा! एक राहिला!” मग तो एक हात धुऊन येईपर्यंत पोटं पुन्हा बाहेर. मागे एकदा संख्या जुळेना, म्हणून त्यांनी जिन्यावरून जाणाऱ्या एका सफारीवाल्याला दंडाला धरून आणलं. तो बिचारा म्हणाला, “अहो, मी वरच्या मजल्यावरच्या लग्नातला.”

“वर नंतर जा. आधी इथे उभे राहा.”

ते गृहस्थ आजही आमच्या आजोळच्या फोटोत आहेत. नव्या सुना त्यांना वाकून नमस्कार करायचा का, असं विचारतात.

आमच्या घरातला कुठलाही अल्बम उघडा. नवरानवरी, विहिणी, कडेवरची पोरं, सगळी खानदानी माणसं कॅमेरा सोडून किंचित डावीकडे बघताना दिसतील. तिथे अप्पाकाका उभे असतात, हात वर करून, “इकडे बघा, इकडे!” म्हणत.