थोरल्याचं काय?

हैदराबादेत मराठी घरी बारसं ठरलं की आधी हॉल बघतात, मग केटरर, आणि या दोन्हींच्या आधी आत्याबाईंना फोन जातो. बडी चावडीला एक असते, काचीगुड्याला एक असते. गच्चीबावलीच्या टॉवरमध्येही आता एक निघाली आहे. तिचं त्या घराशी नातं असलंच पाहिजे असं नाही. सख्ख्या आत्यानं कानात कुर्र करायचं आणि पाठीत धपाटे खायचे. नाव या आत्याबाईंनी केव्हाच पक्कं केलेलं असतं.

"नाव सुचवा" म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न, "थोरल्याचं काय?" नाव बाळाचं नसतंच मुळी, भावंडांच्या रांगेचं असतं. विवेकवर्धिनीत शिकताना मात्रा मोजायची जी सवय लागली, ती वृत्तं सुटली तरी सुटलेली नाही. "थोरली सई आणि धाकटा राजवर्धन? पोरीला जन्मभर वाटेल, आपल्याला दोन अक्षरांत गुंडाळलं!"

कागदावर जुळून भागत नाही. त्या गॅलरीत जातात, पदर खोचतात आणि खाली वाकून हाक देतात, "निनाऽद, निखिऽल, जेवायला चलाऽऽ!" एका दमात हाक निघाली की जोडी पास. एकदा खालून दोन भलतीच पोरं "आलो" म्हणाली.

पुढे 'एन. देशपांडे' नावानं आलेलं पत्र कोणी फोडायचं, हे त्या भावांनी बघावं. स्पेलिंगचा घोळ तर इथल्या मातीतलाच. एका घरी थोरलीचा दाखला नांदेडचा, म्हणून ती नुसत्या 'टी'ची स्मिता; धाकटी इथे जन्मली, तिच्या अमितात शाळेनं 'टीएच' घातला. आत्याबाईंनी यमक जुळवलं आणि कारकुनानं मोडलं. हे दुःख त्या अजून सांगतात.

विठ्ठलपंतांच्या घराबद्दल मात्र त्यांना नितांत आदर आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता : क्रमानं नुसती नावं घेतली तरी परमार्थाचा रस्ता पूर्ण होतो! म्हणूनच कोणी पहिलीचंच नाव मुक्ता ठेवलं की त्या हबकतात. "मुक्तीनंतर आता काय आणायचं मी?" मंगेशकरांमध्ये आशा-उषा बिनतोड. लताबाईंचं पाळण्यातलं नाव हेमा, ते 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून बदललं, हे त्या अशा सांगतात की जणू दीनानाथांनी त्यांनाच विचारायला हवं होतं.

त्यांना घाई करून चालत नाही. जन्माच्या नोंदीत मागाहून नाव घालायला सरकार बारा महिने पैसे घेत नाही. त्यांतले अकरा आत्याबाई वापरतात.

एकच बाळ, पुढे रांगच नाही, असं म्हणणाऱ्या जोडप्यांमुळे त्यांचा धंदा बसेल असं मला वाटत होतं. परवा हायटेक सिटीतलं असंच एक जोडपं आलं. पहिलीच मुलगी, भावंड नाही, जुळवायचं कशाशी? आत्याबाई विचारात पडल्या. तेवढ्यात सूनबाई संकोचून म्हणाली, "घरात आमचा सिंबा आहे, तीन वर्षांचा. लॅब्राडोर."

आत्याबाई ताठ बसल्या. "मग थोरला आहे की!"

मुलीचं नाव अंबा ठेवलं.