वायर ती वायर!

आमच्या यवतमाळात वायफायवर विश्वास ठेवणारी माणसं पुष्कळ आहेत. मी त्यातला नाही. घरात फायबर आलं तेव्हा बाकीचे मोबाइल घेऊन त्या अँटेनावाल्या डब्याभोवती फिरत होते आणि मी माझ्या वरच्या खोलीपर्यंत वायर ओढत होतो. 'हवेतून येणाऱ्या गोष्टीचा काय भरवसा? वायर ती वायर!' विज्ञानाचा मास्तर असल्यामुळे माझी अशी वाक्यं ऐकून घ्यायची घरच्यांना सवय आहे.

सुट्टीत मुलगा पुण्याहून आला आणि त्यानं दोन्ही वेग मोजले. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. खाली वायफायवर अडीचशेच्या वर, वर माझ्या वायरीवर ९४. 'बाबा, तुमच्या वायरीपेक्षा हवा बरी,' म्हणाला.

मी कंपनीला फोन लावला. '३०० चे पैसे घेता आणि फाइल उतरते ११ नं?' पलीकडच्या मुलीनं शांतपणे सांगितलं, की ते ११ मेगाबाइट आहेत, एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे जवळपास ९०. हा गुणाकार मी वर्गात शिकवतो. 'मग ९० तरी का?' मी आवाज आणखी चढवला.

राउटर बंद-चालू केला. त्याची जागा बदलली. शेवटी कुलरच्या मोटारीमुळे वायरीत गडबड होते असा शोध लावून भर मे महिन्यात, यवतमाळात, कुलर बंद करून सगळ्यांना घामात बसवलं आणि पुन्हा वेग मोजला. ९४. शेजारी विचारू लागले, 'सर, तुमच्या घरी शकुंतला सुरू झाली म्हणे?' मूर्तिजापूरचं ११३ किलोमीटर रमतगमत जाणारी ती छोटी गाडी केव्हाची बंद पडली. टोमण्यांत मात्र अजून धावते.

खरं तर तो आकडाच सगळं सांगत होता. कंपनीकडून कमी येत असेल तर वेग वरखाली होतो. सकाळ-संध्याकाळ ९४ म्हणजे ९४ च येत असेल, तर कुठेतरी १०० ची जोडणी आहे. प्रत्येक पॅकेटसोबत पत्ता वगैरे जातो, त्यात पाच-सहा खर्ची पडतात. मला त्यात फक्त कारस्थान दिसत होतं.

अखेर गल्लीतला, केबलवाल्याकडे काम करणारा पोरगा आला. माझाच विद्यार्थी. वायरीच्या टोकाचं पारदर्शक कनेक्टर त्यानं उजेडात धरलं. आत सोनेरी आठ पट्ट्या. पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी, एवढ्यांखालीच तारा. बाकी चार जागा रिकाम्या.

'सर, हे कोनं लावलं?'

'मीच.'

विद्यार्थी असल्यानं तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, 'निळी अन् तपकिरी जोडी कुठी हाये?'

निळी मी जास्तीची म्हणून छाटली होती. मी नेटवर्किंगचा कोर्स केला तेव्हा १०० च्या जोडणीला चारच तारा पुरत, उरलेल्या चार नुसत्या बसून असत. पुढे १९९९ साली तांब्याच्या वायरीवरच्या गिगाबिटचं मानक ठरलं आणि आठही तारांना काम मिळालं. ही बातमी मास्तरांपर्यंत पोहोचली नव्हती. आणि तपकिरी? ती स्वयंपाकघरातल्या घंटीला जोडलेली. वर बटण दाबलं, की खाली चहाची वर्दी.

'म्हंजे सर, नेट चहात गेलं.'

तेवढ्यात दारातून सौभाग्यवती म्हणाल्या, 'अहो, त्या घंटीचे सेल मी केव्हाच काढून ठेवलेत.' चहा उशिरा का येतो, तेही त्याच दिवशी कळलं.

पोरानं दोन्ही टोकं कापून नवी कनेक्टरं लावली. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी: पाढ्यासारखं म्हणत तारा ओळीनं बसवल्या. पाढे माझ्याकडेच शिकला, हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून घेतलं. संगणकात जोडणीचा वेग १००० दिसला, नेट ३०० च्या आसपास गेलं.

तेव्हा मंडळी, वायरीवरचं नेट रेंगाळत असेल, तर फोन उचलण्याआधी संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग बघा. १०० असेल, तर आधी आपली वायर नि तिची दोन्ही टोकं तपासा. १००० असेल, तर खुशाल कंपनीला फोन लावा आणि पोटभर भांडा.