मेजावरचा किल्लेदार

चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, किल्ला २० मे १८१८ रोजी इंग्रजांच्या हाती गेला. ही गोष्ट माहीत आहे पण मंजूर नाही, असा एक गृहस्थ चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात आढळतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी कोळसा खाणीत, वीज केंद्रात, पेपर मिलमध्ये नाहीतर वनखात्यात. चष्मे दोन : एक जगाकडे पाहायला आणि दुसरा इंचभर उंचीच्या शिपायाला मिशा काढायला. दिवाणखान्यातल्या जेवणाच्या टेबलावर त्याने थर्माकोलचा तट उभारलेला असतो, तटावर बोटाच्या पेराएवढे शिपाई आणि बाजूला मोजपट्टी, फासे आणि कोष्टकांची वही. दोघांनी खेळायचं, तिसऱ्याने पंच व्हायचं. पट्टीने मोजून शिपाई सरकवायचे, फासे टाकून गोळा लागला की चुकला ते ठरवायचं. याला तो खेळ म्हणत नाही. ‘मोहीम’ म्हणतो, आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणतो. शेजारपाजारचे त्याच्याबद्दल दोन तर्क करतात. एक, याच्या डोक्यात लढाई शिरली आहे. दोन, याला दुसरं बालपण आलं आहे. माझ्या मते दोन्ही तर्क चुकीचे. हा मनुष्य पिंडाने सेनापतीही नाही आणि पोरही नाही. तो पिंडाने तलाठी आहे. लढाई त्याच्या वाट्याला चुकून आलेला सातबारा आहे, आणि तलाठी आहे म्हणूनच चांद्याची लढाई त्याला भाषणं ठोकणाऱ्यांपेक्षा जास्त कळलेली आहे.

याचा पहिला पुरावा म्हणजे त्याची सुरुवात. सेनापती पिंडाचा मनुष्य तलवारीपासून सुरुवात करेल. हा तटाच्या लांबीपासून करतो, आणि तिथेच दोन वर्षं अडकतो. कारण जुन्या इंग्रजी ज्ञानकोशात चांद्याचा तट साडेपाच मैलांचा, म्हणजे नऊ किलोमीटरला थोडा कमी. आज गावात विचारावं तर अकरा किलोमीटर. मधले दोन किलोमीटर गेले कुठे, हा प्रश्न गावात दुसऱ्या कुणालाही पडलेला नाही. त्याला मात्र झोप येत नाही. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या लोकांनी तटावरची झाडंझुडपं काढून वाट मोकळी केली, तेव्हा गावाला त्यात स्वच्छता दिसली, सरकारला पर्यटन दिसलं. याला साखळी टाकायला जागा दिसली. बरं, लांबी ठरली तरी पुढे प्रमाण आहे. बाजारात मिळणारा नेहमीचा शिपाई अठ्ठावीस मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण एक साठांश. त्या हिशेबाने साडेपाच मैलांचा तट दीडशे मीटर होतो. एवढं टेबल घरात तर नाहीच, मंगल कार्यालयातही बसणार नाही, आणि मे महिन्यात मंगल कार्यालय रिकामं मिळत नाही. मग तो सहा मिलिमीटरच्या शिपायांकडे वळतो. तट तीस मीटरवर येतो खरा, पण आता गंगासिंह किल्लेदार तांदळाच्या दाण्याएवढा झालेला असतो आणि एकदा खरोखर पोह्यांत जातो.

या पेचातून जगभरच्या मेजावरच्या सेनापतींनी एक तोड काढलेली आहे : माणसाचं माप एक, जमिनीचं दुसरं. एक घर म्हणजे एक मोहल्ला समजायचा, एक शिपाई म्हणजे पन्नास. नवख्याला हे फसवं वाटतं. ज्या गावाने एका नगरसेवकाला अख्खा प्रभाग मानलेला आहे, त्या गावाने तरी याला हसू नये. आणि गंमत अशी की खोटेपणाच्या या पायरीवर पाय ठेवल्याबरोबर त्याला खरी लढाई दिसते. किल्ल्यात माणसं दोन ते तीन हजार. अडीच हजार धरली आणि तटावर सारखी वाटली, तर दर साडेतीन-चार मीटरला एक माणूस पडतो. तोही न झोपता, न जेवता, चोवीस तास डोळे ताणून उभा. पाळ्या लावल्या की अंतर तिप्पट. त्यातून दरवाजे चार : उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या, त्यात एकीचं नावच चोर खिडकी आणि दुसरीचं मसाण खिडकी. दोहोंनाही पहारा नको असं कोण म्हणेल? उलट इंग्रजांच्या ले. कर्नल अ‍ॅडम्सला सगळा तट नको होता. त्याला आग्नेयेकडचा एक तुकडा पुरे होता. ९ मे रोजी तो येऊन बसला, तोफा लावल्या, खिंडार पाडलं आणि २० तारखेला आत शिरला. गंगासिंह लढता लढता पडला. सभेत या लढाईबद्दल पराक्रम आणि फितुरी असे दोनच शब्द ऐकू येतात. आमचा तलाठी भागाकार करून सांगतो की नऊ किलोमीटर राखायचे आणि शंभर हात फोडायचे, हा सौदाच विषम होता. खांडक्या बल्लाळशहाने आणि त्याच्या मागच्या गोंड राजांनी हा तट राजधानीच्या इतमामाला शोभेल असा आखला. पुढे कधी अठरा पौंडी गोळा येईल आणि आत एवढीच माणसं उरतील, हे त्यांनी धरलेलं नव्हतं. धरायचं कारणही नव्हतं.

सामानसुमानाच्या बाबतीत मात्र आपला मुलूख या छंदासाठी मुद्दाम घडवल्यासारखा आहे. पुठ्ठ्याला बल्लारपूर जवळ. शिड्यांना गडचिरोलीचा बांबू. दोन कामट्या उभ्या चिरल्या की अख्ख्या पलटणीच्या शिड्या होतात. जंगलासाठी आरा मशीनवरचा भुसा हिरव्या रंगात बुडवून वाळवायचा. राहिली धूळ, तर वीज केंद्राच्या राखेला चंद्रपुरात तोटा पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. ती खिडकीतून आपोआप टेबलावर येऊन बसते आणि मे महिन्यातली भूमी हुबेहूब साधते. अडतं ते बैलांपाशी. तोफा ओढायला बैल हवेत, आणि घरात असलेले लाकडी बैल तान्हा पोळ्याचे. त्यांना शिपायांशेजारी उभं केलं की एकेक बैल दुमजली होतो. तान्हा पोळा नागपूरच्या भोसल्यांनी सुरू केला असं सांगतात. त्यांच्याच किल्ल्यावर त्यांच्याच सणाचे बैल मावू नयेत, याचं त्याला मनापासून वाईट वाटतं. पण खरी अडचण रंगांची. सुरुवातीला तो ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशा दोन पेट्या करतो. मग वाचत जातो तशी पेट्यांची चिठ्ठी बदलत जाते. तट गोंडांचा. ठाणं १७५१ पासून भोसल्यांचं, म्हणजे गोंडांकडून घेतलेलं. आणि समोर लाल डगल्यांत उभे असलेले ते बहुतेक कंपनीचे देशी शिपाई, बंगालचे आणि मद्रासचे. डगल्यांना लाल डबी, पागोट्यांना पांढरी, आणि चेहऱ्यांना? दोन्ही पेट्यांतल्या चेहऱ्यांना एकच तपकिरी डबी, आणि ती लाल रंगाच्या आधी संपते. इतिहासाच्या पुस्तकांनी जे पन्नास पानांत सांगायला कुचराई केली ते त्याला रंगाच्या दुकानात दुसरी डबी मागताना कळतं.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला नेहमीचा : हे विलायती खूळ आहे. पाळणा विलायती आहे हे कबूल. प्रशियाच्या राइसवित्स बापलेकांनी नकाशावरची लढाई बसवली, त्यात मुलाने १८२४ मध्ये नियमांना पक्कं रूप दिलं. पुढे एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या तोफांनी शिपाई पाडायचा रिवाज घातला. पण चार दलांची पटावरची लढाई ज्या देशाने जगाला दिली, जिथे दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरतात, तिथे या माणसाने आयात केली ती फक्त मोजपट्टी. आणि झाडीपट्टीत तर प्रमाणाचा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. वडशाच्या नाटक मंडळ्या एका पडद्यावर अख्खा राजवाडा भागवतात आणि पहाटेपर्यंत बसलेल्या एकाही प्रेक्षकाने आजवर फूटपट्टी मागितलेली नाही.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो हसण्यावारी नेण्याचा नाही. माणसं जिथे मेली त्याचा खेळ करावा का? आणि तोही अशा मुलखात, जिथे गडचिरोलीच्या जंगलात गोळीचा आवाज ऐकायला इतिहासाच्या पुस्तकाची गरज पडली नाही? या प्रश्नाला त्याच्याकडे तोंडी उत्तर नसतं, पण वर्तनात असतं. कालच्या गोष्टीला तो फासा लावत नाही. ज्याची आई गावात अजून आहे अशा शिपायाला तो रंगवत नाही. इतकंच काय, १८५८ देखील त्याला पेललं नाही. चांद्याची मोहीम निम्मी झाल्यावर त्याने बाबुराव शेडमाके यांच्या उठावाची जुळणी घेतली होती. घोट, राजगड, अहेरीकडचं जंगल असा नकाशा सुरेख उतरला. झाडीत लपण्याचे, टेकडीवरून दगड लोटण्याचे, जमीनदारांच्या निष्ठेचे नियम वहीत आले; निष्ठेच्या कोष्टकाला तर पाच रकाने लागले. मग हिशेब करता करता तो २१ ऑक्टोबर १८५८ पर्यंत आला. चांद्याचा तुरुंग, फाशी, वय पंचवीस. त्या दिवसासाठी वहीत पान आखलेलं आहे, त्यावर तारीख आहे आणि खाली काही नाही. नकाशाची गुंडाळी कपाटात गेली. सभेतल्या वक्त्याला तीच तारीख टाळ्यांची जागा असते. मला स्वतःला ते कोरं पान अधिक सभ्य वाटतं.

तिसरा आक्षेप खुद्द खेळणाऱ्यांचा. निकाल ठरलेला असेल तर किल्लेदार व्हायचं कुणी? याचं उत्तर तलाठ्याला शोभेल असं आहे : जिंकणं म्हणजे वाचणं नव्हे, मुदत ओलांडणं. ९ मे पहिला दिवस धरला तर २० मे बारावा. तेरावा दिवस ज्याच्या ताब्यात किल्ला असताना उजाडेल तो किल्लेदार जिंकला. आपल्याकडे तेराव्याला गोड जेवण असतंच, तेव्हा ते नियमाशी सुसंगत आहे. मोहिमेला मोहीमपण येतं ते टेबलाबाहेरच्या हालचालींनी. १७ एप्रिलला याच अ‍ॅडम्सने पांढरकवड्याजवळ बाजीरावाला गाठून उधळलं होतं. बाजीराव चांद्याच्या आसऱ्याला पोचला असता तर? म्हणून पेशव्याचं प्यादं नकाशावर वेगळं फिरतं. साऱ्या मोहिमेत हे एकच प्यादं, ज्याच्यासाठी पुढे जायच्या नियमांपेक्षा मागे जायचे नियम जास्त लिहावे लागले. तिकडे धनी अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेत, आणि वेढा चालू असतानाच, मेच्या मध्याला, ते पहाऱ्यातून निसटतात. ही बातमी गंगासिंहाला कळली तर शिपायांचा धीर वाढेल. पण ती आणायची कुणी, कोणत्या खिडकीतून? यासाठी बातमीचे पत्ते आहेत, उन्हाचे पत्ते आहेत. उन्हाचा पत्ता निघाला की दोन्ही बाजूंनी एक डाव सावलीत बसायचं. चंद्रपूरचा मे ज्याने पाहिला आहे तो या नियमावर वाद घालत नाही. बाहेरून आलेला घालतो, पण दुपारी बसस्टँडपर्यंत चालून आला की मागे घेतो.

एवढं करूनही खेळायला येणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅडम्सच व्हायचं असतं. तोफा त्याच्याकडे, वेळ त्याच्याकडे, पळायची गरज नाही. त्यामुळे किल्लेदारी कायमची यजमानाकडे राहते. रविवारी एक दिवस, असा वेढा चालतो. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत टेबलाच्या खऱ्या मालकिणीचा धीर सुटतो. ‘काऊन जी, तुमचा वेढा कधी उठते? शनिवारी पोरगी पाहाले लोक येऊन राहिले,’ असा निर्वाणीचा खलिता येतो आणि त्याला कुठल्याही कोष्टकात उत्तर नसतं. अंचलेश्वर दरवाजा फ्रिजवर जातो, जटपुरा टीव्हीमागे, आणि तिथेही त्याच्या कमानीत रिमोट अडकून वाहतूक तुंबते. पुढल्या खेपेला मांडामांड करायची ती पुन्हा ९ मेपासून, कारण कोण कुठे उभा होता ते शाळकरी नातवाने आवरताना नोंदवलेलं नसतं. या हिशेबाने तट आजवर एकदाही फुटलेला नाही.

फुटायची सोय मात्र केलेली आहे. वेढ्याच्या खेळात आग्नेयेकडचा तुकडा काढता-घालता येईल असा करावा लागतो : एक साबूत, आणि एक खिंडाराचा, तोफा लागल्यावर बदलून ठेवायचा. साबूत तुकडा त्याचं सर्वांत सुबक काम आहे. चिऱ्यांचे सांधे केसाएवढ्या कुंचल्याने काढलेले, चर्येवर शेवाळ, एका फटीत पिंपळाचं रोप. खिंडाराचा तुकडा तीन वर्षांपूर्वी कापून झालेला आहे. तो बुटांच्या खोक्यात तळाशी पडून असतो, नुसता पांढरा थर्माकोल. कुणी पाहुण्याने विचारलंच तर तो सांगतो, रंग संपला आहे.