बदलीवर किती भिस्त ठेवावी?

बदली माणसाचं महत्त्व सुरतेला शिकवायला कुणी जाऊ नये. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, उधन्याच्या लूम्सवर सकाळच्या पाळीला कुणी ना कुणी खाडा करतंच. कुणाच्या घरी नंदुरबारला हळद असते, कुणाचा पाचोऱ्याला दहावा असतो, कुणी नुसताच झोपलेला असतो. यंत्राला यातलं काही सांगून उपयोग नसतो. मग सुपरवायझर गेटबाहेर येतो, उभ्या असलेल्या बदल्यांवर नजर फिरवतो आणि त्यातल्या सगळ्यात पिकलेल्या डोक्याकडे बोट करून म्हणतो, "काका, चालो!" काका आत जातात, धागा कुठे तुटला ते आवाजावरून ओळखतात आणि बारा तास यंत्र थांबू देत नाहीत. मजुरी त्या दिवसापुरती. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा गेटबाहेर.

एवढी साधी व्यवस्था मिलच्या गेटवर निमूट चालते, पण खेळाच्या संघात आली की तिच्यावर चर्चासत्रं भरतात. अमेरिकेत तर हा वाद बारमाही आहे. तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो, आणि तो कुणाकडे फेकायचा हे ठरवणाऱ्या माणसाला क्वार्टरबॅक म्हणतात. एक क्वार्टरबॅक खेळतो. दुसरा, बहुधा वयाने वडीलधारा, टोपी घालून मैदानाच्या कडेला उभा राहतो. पहिल्याचा गुडघा गेला की सगळं शहर दुसऱ्याकडे संशयाने बघू लागतं. फिलाडेल्फिया ईगल्सच्या कार्सन वेंट्झचा गुडघा डिसेंबर २०१७ मध्ये असाच गेला. मग कडेचा निक फोल्स आत आला, फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४१-३३ असं हरवलं आणि अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही घेतला. त्याच सप्टेंबरात ईगल्सच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. त्याच महिन्यात वेंट्झचा गुडघा बरा झाला आणि फोल्स पुन्हा बाकावर गेला. पुतळा गेटबाहेर, माणूस बाकावर. आमच्या पांडेसऱ्याच्या काकांचा अजून पुतळा झालेला नाही, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे ही जागा यष्टिरक्षकाची. फलंदाज सहा-सात खेळतात, गोलंदाज चार-पाच, पण ग्लोव्ह्जची जोडी एकच. दुसऱ्या यष्टिरक्षकाने दौऱ्यावर जायचं, जाळीत सराव करायचा, पाण्याच्या बाटल्या न्यायच्या आणि पहिल्याच्या बोटाला काही होऊ नये अशी प्रार्थना सगळ्यांसमोर मोठ्याने करायची.

या नोकरीचा गुजरातेतला सगळ्यात अनुभवी माणूस म्हणजे पार्थिव पटेल. २००२ च्या ऑगस्टमध्ये ट्रेंट ब्रिजवर कसोटीत उतरला तेव्हा वय १७ वर्षं १५३ दिवस. कसोटी क्रिकेटमधला सर्वांत लहान यष्टिरक्षक. रणजीचा एकही सामना खेळलेला नव्हता. म्हणजे याला आधी कायम केलं आणि मग उमेदवारीवर पाठवलं! पहिल्या डावात भोपळा, दुसऱ्या डावात नाबाद १९ आणि कसोटी अनिर्णित. २००४ मध्ये तो बाहेर पडला, दिनेश कार्तिक आला. २००५ च्या डिसेंबरात महेंद्रसिंह धोनी कसोटीत आला आणि देशातल्या झाडून सगळ्या यष्टिरक्षकांच्या हाती एकाच दिवशी बदलीचा पास पडला.

पार्थिवला ऑगस्ट २००८ मध्ये कोलंबोत एक कसोटी मिळाली. त्यानंतरची नोव्हेंबर २०१६ मध्ये, मोहालीत. मधली आठ वर्षं देशाने त्याच्याविषयी भूतकाळात बोलून काढली. मोहालीत ऋद्धिमान साहा जखमी, म्हणून त्याच्या जागी पार्थिव. पहिल्या डावात ४२. दुसऱ्या डावात सलामीचा के. एल. राहुलही जखमी, तर त्याचीही बदली यानेच भरली आणि नाबाद ६७ करून सामना संपवला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, पार्थिव परतला. परतायला तो गेला कुठे होता? तो गुजरातकडून रणजी खेळत होता. बघायला कुणी जात नव्हतं, हा काही त्याचा दोष नव्हे.

आणि मग दोन महिन्यांत इंदूर. जानेवारी २०१७, होळकर स्टेडियम, रणजीचा अंतिम सामना, गुजरात विरुद्ध मुंबई. सुरतेतल्या मराठी माणसाची त्या पाच दिवसांत जी ओढाताण झाली तिची दखल कुठल्याही इतिहासकाराने घेतलेली नाही, म्हणून इथे घेतो. लिंबायत, डिंडोली, नवागाम या पट्ट्यात आम्ही मनाने मुंबईकर आणि रेशनकार्डाने गुजराती. वास्तविक आमच्यातले बहुतेक जळगाव-धुळ्याचे. मुंबईशी संबंध एवढाच, की सुरतेहून तिकडे गाड्या पुष्कळ. तरी पण मुंबई ती मुंबई! तोवर एक्केचाळीस वेळा करंडक जिंकलेली. गुजरात त्याआधी अंतिम फेरीत पोचली होती ती १९५०-५१ मध्ये, आणि तेव्हा इंदुरातच होळकर संघाकडून हरली होती. मुंबईचा कर्णधार आदित्य तरे, आपला माणूस, तोही यष्टिरक्षक. गुजरातचा कर्णधार पार्थिव. चौथ्या डावात गुजरातला ३१२ हव्या होत्या. रणजीच्या अंतिम सामन्यात एवढा पाठलाग तोवर कुणी केलेला नव्हता.

पार्थिवने पहिल्या डावात ९० केल्या होत्या. दुसऱ्यात १४३ केल्या. गुजरात पाच गडी राखून जिंकली आणि पहिल्यांदा करंडक घरी आला. शंभरी झाल्यावर आमच्या गल्लीतल्या कट्टर मुंबईवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. शेजारी काय म्हणतील हे कारण होतंच, पण नुसतं तेच नव्हतं. भारताच्या संघातला बदली कामगार आपल्या राज्याच्या संघाचा मुकादम होता आणि त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. हात बसलेला होता, कारण हात रिकामा कधी ठेवलाच नव्हता.

साहाचीही कथा ऐकण्यासारखी आहे, थोडक्यात सांगतो. २०१० मध्ये नागपूरला त्याचं कसोटी पदार्पण झालं ते यष्टिरक्षक म्हणून नव्हे. सकाळी सरावात फुटबॉल खेळताना रोहित शर्माचा घोटा मुरगळला, म्हणून राखीव यष्टिरक्षकालाच फलंदाज म्हणून उतरवला. (क्रिकेटच्या सरावात फुटबॉल का खेळतात, हा प्रश्न वेगळ्या सदराचा.) २०२२ मध्ये त्याला सांगण्यात आलं की आता कसोटीसाठी तुमचा विचार होणार नाही. वय सदतीस. त्याच मोसमात तो गुजरात टायटन्समध्ये गेला, तिथेही पहिले काही सामने बाकावर बसला, मग सलामीला आला. २९ मे रोजी अहमदाबादेत टायटन्सने पहिल्याच वर्षी आयपीएल जिंकली तेव्हा यष्ट्यांमागे तोच होता.

आता कुणी म्हणेल, म्हणजे वय झालेला कुणीही चालेल? सुरतेला हेही शिकवायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर निवृत्तांच्या लेजेंड्स लीगचे सामने झाले. अंतिम सामना इथेच झाला आणि हरभजनसिंगच्या मणिपाल टायगर्सने तो जिंकला. मजा आली, नाही असं नाही. एका सामन्यात गौतम गंभीर आणि श्रीशांत यांची मैदानातच जुंपली आणि आपण गुडघ्यांकडे बघत होतो ते चुकीच्या अवयवाकडे, हे प्रेक्षकांना समजलं. पण घरी परतताना कुणी म्हटलं नाही की यातल्या चौघांना उद्या भारताकडून खेळवा. नाव गाजणं वेगळं आणि हात बसलेला असणं वेगळं, एवढं तिकीट काढणाऱ्याला कळतं.

निवड समितीला मात्र नेमकं उलटं कळतं. वर्षानुवर्षं बदलीला बाकावर ठेवायचं, आणि यंत्र बंद पडलं की त्याच्या वयाचा दाखला मागायचा. किंवा घाबरून एखाद्या निवृत्ताला घरून उठवून आणायचं. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस कोल्ट्सने डिसेंबर २०२५ मध्ये हेच केलं. सगळे क्वार्टरबॅक जायबंदी, तेव्हा पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या, आजोबा झालेल्या, ४४ वर्षांच्या फिलिप रिव्हर्सला बोलावलं. सिएटलविरुद्ध सामना १८-१६ असा गेला. दोनच गुणांनी हरल्यामुळे माझ्या सिद्धांताचं थोडं नुकसान झालं हे खरं, पण हरले.

मुंबईनेही १९८७-८८ च्या मोसमात पद्माकर शिवलकरला परत बोलावलं होतं, सत्तेचाळीसाव्या वर्षी. त्याची गोष्ट निराळी. बिशनसिंग बेदी असताना जन्मभर बदली राहिलेला हा डावखुरा फिरकीपटू एकही कसोटी न खेळता प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊन बसला होता, आणि बसला होता म्हणजे फक्त बोलण्यात. शिवाजी पार्क जिमखान्याकडून त्याची गोलंदाजी चालूच होती.

आता खुद्द आमच्या डिंडोलीच्या मंडळाकडे येऊ. रात्रीच्या टेनिस-बॉल स्पर्धेसाठी त्यांची निवड समिती परवा लोचोच्या लारीवर बसली होती. विषय: यष्टिरक्षक कोण. कायम यष्टिरक्षक अध्यक्षांचा भाचा. त्याचा अंगठा मोटारसायकलच्या स्टँडमध्ये सापडला. उरले नाना. नाना लूमवर मुकादम आहेत, केसांना मेंदी लावतात आणि तीन मोसम संघाबरोबर प्रत्येक मैदानावर जातात. त्यांचं काम एकच. सामना सुरू झाला की अकराही जण आपापले मोबाइल, पाकिटं आणि गाड्यांच्या किल्ल्या साडीच्या दुकानाच्या एका प्लॅस्टिक पिशवीत टाकतात आणि ती पिशवी नानांच्या मांडीवर देतात. नाना आलेले फोनही उचलतात. "तो बॅटिंगले गयेल शे," असं सांगतात. बहुतेक वेळा तोवर तो आऊट होऊन आलेला असतो.

समितीपुढे प्रश्न आला, नानांवर भिस्त ठेवायची का? एक म्हणाला, वाकता येईल का. दुसरा म्हणाला, अनुभव दांडगा आहे. तिसऱ्याने आणखी लोचो मागवला. अध्यक्ष म्हणाले, ठेवायला हरकत नाही, पण नानांनी जबाबदारी घ्यावी. नाना पिशवी घेऊन मागेच उभे होते. म्हणाले, "तीन वरीस व्हयनात, माले एक बॉल धरू दिन्हा नही. आते इचारतस, भरोसा ठेवाना का!"

समितीने हे इतिवृत्तात घेतलं नाही.

तसं बघितलं तर या शहराने बदलीच्या प्रश्नावर सगळ्यात महाग शिकवणी खेळात नाही, निवडणुकीत घेतली आहे. २०२४ ची लोकसभा. काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी. त्यांच्या अर्जावरच्या सूचकांनी, म्हणजे घरच्या आणि धंद्यातल्या माणसांनी, या सह्या आमच्या नव्हेत असं लिहून दिलं. हरकत नाही, असा प्रसंग येऊ शकतो हे जाणून पक्ष डमी अर्ज भरून ठेवतो. सुरेश पडसाला यांचा डमी अर्ज होताच. त्यातही सहीचाच घोटाळा निघाला. २१ एप्रिलला दोन्ही अर्ज बाद. मुख्य माणूस आणि बदली, दोघांचा एकाच पाळीला खाडा! दुसऱ्या दिवशी उरलेल्या आठही उमेदवारांनी अर्ज मागे घेतले आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. मतदान व्हायचं होतं ७ मे रोजी. गुजरातच्या बाकीच्या २५ जागांवर ते झालं. आमच्या बोटाला शाई लागली नाही. पुढे काँग्रेसने कुंभाणींना सहा वर्षांसाठी निलंबित केलं. सहा वर्षं म्हणजे पार्थिवच्या आठांपेक्षा दोन कमी, आणि रणजी खेळायची सोय नाही.

डमी अर्ज भरताना तो कधी उपयोगी पडेल असं मनापासून कुणाला वाटत नसावं. वाटलं असतं तर सही करणाऱ्याला कुणीतरी आदल्या रात्री घरी जाऊन विचारलं असतं. बदलीचा कागद म्हणून जो भरला, तो कागदच राहिला. तेव्हा बदलीवर भिस्त ठेवावी का, या प्रश्नाला माझं उत्तर: डोळे मिटून ठेवावी, पण त्याला महिन्यातून चार पाळ्या द्याव्यात, आणि त्या यंत्र चालू असताना द्याव्यात. चार पाळ्या द्यायच्या नसतील तर भिस्तीची भाषा करू नये, नवस बोलावा.

डिंडोलीच्या निवड समितीला आणि तिच्या माननीय अध्यक्षांना या सदरातून जाहीर विनंती आहे. भाच्याचा अंगठा बरा झाला तरी येत्या रविवारी पहिल्या षटकापासून नानांना यष्ट्यांमागे उभं करा. मोबाइलची पिशवी आपण सांभाळा.