वयोगट १३ ते १६

माझ्या मित्राच्या प्रत्येक कादंबरीच्या मलपृष्ठावर ‘वयोगट १३ ते १६’ असं छापलेलं असतं. त्याला येणारी वाचकांची पत्रं मी पाहिली आहेत. त्यातल्या निम्म्या लोकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. उरलेल्यांना तारीख मिळाली आहे.

हा गृहस्थ दिवसा सहकारी बँकेत कर्जाच्या फायली बघतो आणि रात्री कुमारांसाठी लिहितो. कुमार म्हणजे ना बाळ ना बाप्या. अप्पा बळवंत चौकात जाऊन विचारा, दुकानदार एक तर ससा-कासवाकडे बोट दाखवील, नाहीतर स्पर्धा परीक्षांच्या ढिगाकडे. मधल्या वयाला फळीच नाही. एकदा याची पुस्तकं ‘पाककला’मध्ये सापडली. मला वाटलं चिडेल. तर म्हणाला, “असू दे रे. तिथे निदान गिऱ्हाईक असतं.”

सगळा दोष भा. रा. भागवतांचा. शाळेत याच्या हाती त्यांचा फास्टर फेणे पडला. फुरसुंगीचं बन्या नावाचं एक काडीपैलवान पोरगं सायकल दामटत चोर पकडतं हे कळल्यावर याचं भूमितीतलं लक्ष उडालं ते उडालंच. बन्या ‘ट्टॉक्’ करतो, तेव्हा आपल्याही नायकाला काहीतरी पालुपद हवं म्हणून हा महिनाभर येरझारा घालत होता. शेवटी ‘च्यायला’ ठरलं. प्रकाशकाने त्याचं ‘अरेच्चा’ केलं. शाळांची खरेदी जाते म्हणे. चोराच्या मानगुटीवर बसून ‘अरेच्चा’ म्हणणारा मुलगा कुणालाच खरा वाटला नाही.

पण त्याचा खरा वैरी मोबाइल. भागवतांच्या काळात पोरगं अडकलं की अडकलं. पुढची चाळीस पानं निर्धास्त. आता ते दुसऱ्या मिनिटाला आईला लोकेशन पाठवणार आणि कादंबरी अकराव्या पानावर खलास. म्हणून पहिल्याच प्रकरणात मोबाइलची विल्हेवाट लावावी लागते. आजवर तीन विहिरीत पडले, दोन माकडांनी पळवले, एकावर म्हैस बसली. सातव्या कादंबरीत सहामाहीत मार्क कमी पडले म्हणून आईनेच तो कपाटात कुलूपबंद केला. समीक्षकाने, म्हणजे मी, त्यात विदारक वास्तव असल्याचं लिहिलं.

हजाराची आवृत्ती, किमतीच्या दहा टक्के मानधन, त्यातही निम्म्या पैशांची पुस्तकं घेऊन हाच वाटणार. मग जोडधंदा म्हणून विनोद. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून मराठी माणसाला फराळासोबत वाचायची सवय लावली, पण हा फराळ लेखकाला ऐन पावसाळ्यात तळावा लागतो. बाहेर धो धो पाऊस, दोरीवर तिसऱ्या दिवशीही न वाळलेले कपडे, आणि त्यांच्याखाली बसून हा ‘आमची फसलेली चकली’ लिहितोय. चेहरा कर्जाचा अर्ज नामंजूर करताना असतो तोच. पूर्वी त्याचा हातखंडा विषय बायको होता. मग एका दिवाळीत वहिनींनी अंक वाचला. तेव्हापासून तो रस्त्यातल्या खड्ड्यांवर लिहितो.

लग्नात कुणीतरी गाठतंच. “काका, काहीतरी विनोदी बोला ना!” हा घड्याळाकडे बघतो आणि विचारतो, “पंगत किती वाजता?” लोक पोट धरून हसतात. त्याला खरंच भूक लागलेली असते.

गेल्या वर्षी मात्र नवल घडलं. त्याचा भाजीबाजारावरचा लेख व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरला. खाली नाव पुलंचं. पुलं २००० सालच्या जूनमध्ये गेले आणि लेखात भाजीवालीने मेथीच्या जुडीला क्यूआर कोड टेकवून ठेवला होता. पण कुणाला काही खटकलं नाही. “आता असं लिहिणारे राहिले नाहीत,” असं त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने त्यालाच कळवलं. पहिल्या दिवशी त्याने कडक खुलासा लिहिला. दुसऱ्या दिवशी तो मवाळ केला. तिसऱ्या दिवशी तोच लेख मला त्याच्याकडून आला, खालचं नाव होतं तसं ठेवून.

परवा एका शाळेत त्याचं भाषण झालं. संपल्यावर सातवी-आठवीतली एक मुलगी धीटपणे पुढे आली, हातात याची कादंबरी. याचे डोळे पाणावले. पेन काढून “नाव काय बाळ तुझं?” विचारलं.

“माझं नको, बाबांचं घाला,” ती म्हणाली. “त्यांना आवडतं.”

स्वतःची लेक इंग्रजी माध्यमात. ती त्याची पुस्तकं वाचत नाही. मुखपृष्ठ बघून “क्यूट आहे” म्हणते.

तर मंडळी, तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत मराठी वाचणारं तेरा ते सोळा वयाचं एखादं पोर असेल तर कृपा करून मला कळवा. पुस्तक घेऊन तो स्वतः येईल. चहासुद्धा नको. रिक्षाचं भाडं तोच देईल.