चंद्रपूरची किनारपट्टी

कोकणातल्या माणसाला चंद्रपूर दाखवणं म्हणजे जोखमीचं काम. माझे साडू रत्नागिरीचे. ज्या गावाला किनारा नाही तिथली माणसं संध्याकाळी करतात तरी काय, असा त्यांना मनापासून प्रश्न पडतो. निघण्याआधी त्यांनी फोनवर विचारलं, "बघायचं काय आणि खायचं कुठे?" मे महिन्यात येणार म्हटल्यावर मी म्हणालो, "आधी जगायचं कसं ते ठरवू." कारण मेमध्ये आमचा पारा ४७ च्या घरात असतो. वारा आमच्याकडेही येतो. तो खारा नसतो, भाजका असतो.

समुद्रही होता हो आमच्याकडे, कोट्यवधी वर्षांपूर्वी. राजुरा-कोरपन्याकडचा चुनखडक म्हणजे त्याच्याच तळाचा गाळ. पण चंद्रपूरकर पडला भोळा. समुद्र गेला तो गेलाच, उरलेला तळही त्याने सिमेंट कारखान्यांच्या हवाली केला. "तुमच्या सोसायटीच्या गच्चीत आमचा समुद्र असू शकतो," असं सांगितल्यावर साडू जरा वरमले.

सकाळी त्यांना तर्री-पोहे खायला नेलं. हरभऱ्याच्या लालभडक रश्श्याकडे पाहून ते गाडीवाल्याला म्हणाले, "थोडीच घाला." तो "हव जी" म्हणाला आणि त्याने पळी दुसऱ्यांदा बुडवली. आमच्याकडे पाहुण्याचं 'थोडीच' ऐकून घेतात, मनावर घेत नाहीत. साडूंनी डोळे पुसत विचारलं, "यात खोबरं कुठाय?" दुपारी घरी पाटोडी-रस्सा झाला, तेव्हा त्यांनी खोबऱ्याची चौकशी केली नाही, नुसतं पाणी मागितलं. शेजारच्या टपरीवरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र लांबूनच दाखवला. ती बघायची गोष्ट आहे, खायची नाही.

"किल्ला बिल्ला आहे का?" त्यांनी विचारलं. जलदुर्ग पाहिलेला माणूस! म्हटलं, "सकाळपासून किल्ल्यातच फिरताय." जुनं चंद्रपूर गोंडराजांच्या परकोटातच वसलेलं आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे. जटपुरा दरवाजा शत्रूला अडवायला बांधला होता. आता तो ऑटो अडवतो, आणि ते काम चोख बजावतो. लालपेठेकडे रायप्पा वैश्याने कोरून घेतलेल्या दगडी मूर्ती आहेत, एवढ्या मोठ्या की देऊळ बांधायचं राहूनच गेलं. "सरकारी काम दिसतंय," साडू म्हणाले. नव्हतं, म्हणून तर मूर्ती तरी पूर्ण झाल्या.

दीपस्तंभ म्हणून ऊर्जानगरच्या चिमण्या दाखवल्या. २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र. उजेड मात्र लांबच्या जहाजांना.

तिसरा प्रश्न माशांचा. तो यायचाच होता. सिंदेवाही-नागभीडकडे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तिथल्या नातेवाइकांनी झिंगे केले, मरळ केली, भाताचा डोंगर रचला. साडू बोटं चाटत म्हणाले, "चांगले आहेत. पण गोड्या पाण्यातले." पुढचं त्यांनी वाढून घेत सांगितलं, त्यामुळे ऐकू आलं नाही. आमच्या बाजूला हॉटेल शोधत फिरू नये, ओळखीचं घर शोधावं. मेनूकार्ड जंगल छापतं आणि दर महिन्याला बदलतं: चैत्राच्या आगेमागे मोह, उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं, पावसात सात्या म्हणजे अळंबी आणि वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. जुलैतली भाजी मेमध्ये मागितली तर घरची बाई पाहुण्याकडे नाही, पाहुणा आणणाऱ्याकडे बघते.

मग ताडोबा. १९५५ सालचं राष्ट्रीय उद्यान. मंगळवारी बंद, त्यामुळे वाघालाही आठवड्याची सुट्टी. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतात हे खरं. त्या सकाळी आमच्या पाणवठ्यावर फक्त जिप्स्या आल्या. समुद्राचं बरं असतं, तो बुकिंगच्या वेळी जागेवर सापडतो.

"रात्री काय असतं?" या प्रश्नाला उत्तर एकच, हिवाळ्यात या. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा भरतात आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडशाच्या नाटकमंडळींचं नाटक रात्री उभं राहतं ते पहाटेच बसतं. गावोगावचे पाहुणे नाटकाच्या नावाने येतात, सोयरिकी जमवून जातात.

शेवटी गडचिरोली जिल्हा. १९८२ साली तो चंद्रपुरातून वेगळा निघाला, आणि बहुतेक जंगल घेऊन गेला. मार्कंड्याला उत्तरेकडे वळलेली वैनगंगा आणि कोरीव देवळं पाहिली. वडधमला डायनोसॉरांचे अवशेष पाहून साडू म्हणाले, "हेही उन्हाळ्यातच आले होते वाटतं." सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला भेटते. तिथली रुंद पात्रं पाहून त्यांना पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

"हे पाणी जातं कुठे?"

"समुद्राला," मी छाती फुगवली. "कोळसा आमचा, वीज आमची, सिमेंट आमचं, कागद बल्लारपूरचा. समुद्रालाही पाणी आम्हीच पुरवतो."

साडूंनी नकाशा मनात उलगडला. "म्हणजे बंगालच्या उपसागराला. आमच्या समुद्रावर तुमचे काडीचे उपकार नाहीत."

रत्नागिरीचा माणूस उगाच कोणाचं देणं लागत नाही. म्हटलं, "बरं. मग आज रात्री पंखा लावू नका."